मूडप्रमाणे बदलणारा सोफा घेताय? या चुका टाळा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चार दिवस उरले होते आणि गोव्यातल्या माशेलच्या आमच्या घरात एल आकाराचा सोफा दारात अडकून पडला होता. माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची चौकट) बांधायची म्हणून पुढची खोली रिकामी करायची होती. सोफ्याची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप, 37 इंच, आतल्या खोलीचं दार 31 इंच. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, शेवटी काकांनी आणि दोन भावांनी तो उचलून बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) नेला आणि वर प्लॅस्टिक टाकलं. अकरा दिवसांनी प्लॅस्टिक काढलं तेव्हा पाठीवर पांढरट लव आली होती आणि घरभर कुबट वास पसरला. विकताना दुकानदाराने तो 'हवा तसा बदलणारा' म्हणून दिला होता. बदलत होतं काय, तर डोकं टेकायची उशी.

त्यानंतर मी स्वतःच्या, सासरच्या आणि ओळखीच्या घरांतले बरेच सोफे निवडले, दुरुस्त करून घेतले, काही परतही पाठवले. एवढ्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगते. सोफ्याला किती रूपं आहेत यापेक्षा, एका रूपातून दुसऱ्यात जाताना घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला किती जोर लावावा लागतो, हे आधी बघा. जोर लागला की पहिल्या महिन्यानंतर कोणी त्याला हात लावत नाही. मग तो साधा सोफाच, फक्त दुप्पट किमतीचा.

दुकानात बसून मूड ठरवणे

दुकानात एसी असतो, पिवळा दिवा असतो, आपण पाच मिनिटं टेकून बसतो. घरी मात्र सकाळी चहाचा कप घेऊन ताठ बसायचं असतं, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी मुलाचा अभ्यास, रात्री पाय वर घेऊन बातम्या. म्हणून खरेदीआधी आठवडाभर घरच्यांना नुसतं न्याहाळा. कोण मांडी घालतं, कोण सोफ्याच्या हातावर डोकं टेकून आडवं होतं, कोण सोफा सोडून जमिनीवर बसून त्यालाच पाठ टेकतं. आमच्या घरात तिघं जमिनीवर बसतात, हे कळल्यावर निम्मा प्रश्न सुटला. आम्हाला मोठ्या सोफ्यापेक्षा पाठ टेकता येईल अशी बुटकी बैठक आणि सुट्टे लोड हवे होते.

आपल्या जुन्या घरांत ही सोय होतीच. गादी, लोड, तक्के. पाहुणे आले की लोड मागे, दुपारी तोच उशाला. आणि गोव्यात वेताची, लांब हातांची व्होल्तेर, म्हणजे आरामखुर्ची. ताठ बसा, रेला किंवा हातांवर पाय टाकून झोपा. एकही बिजागरी नाही, बदलायचं ते आपण आपलं अंग.

बदल जड असणे

सुट्या भागांचा सोफा ही कल्पना जुनी आहे. इटलीत मारिओ बेलिनी यांनी 1970 मध्ये 'कॅमालिओंडा' केला तेव्हा बसायची जागा, पाठ आणि हात असे वेगळे ठेवून ते दोऱ्या, हुक आणि कड्यांनी जोडले. हवं तसं सोडवा, हवं तसं बांधा. 1973 चा विको माजिस्त्रेत्ती यांचा 'माराल्युंगा' तर आणखी साधा. पाठीचा वरचा भाग हाताने वर ओढला की डोक्याला आधार मिळतो, खाली दाबला की बुटकी पाठ. आत सायकलची साखळी वापरली होती. दोन्हींमध्ये एकट्या माणसाच्या हाताला जमेल एवढंच काम आहे. त्या किमतीच्या वस्तू आपण घेणार नाही, पण परीक्षा तीच लावायची.

म्हणून दुकानात विक्रेत्याला उघडून दाखवू देऊ नका, ज्याला रोज वापरायचा आहे त्यालाच करायला लावा. सोफा कम बेड असेल तर आईने किंवा बाबांनी तो तीन वेळा उघडून बंद करावा. एका बाजूने ओढल्यावर तिरका चालतो का ते बघा. तिरका चालणारा सांगाडा वर्षभरात अडकतो. सुट्या भागांचा असेल तर एक भाग एकट्याने सरकवून बघा. आणि एल आकारात लांब बाजू डावीकडे की उजवीकडे, हे कायमचं ठरलेलं आहे की पायाचं स्टूल हलवून बदलता येतं, हे विचारा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न फार कामाला येतो.

दाराचं माप, जिन्याच्या वळणाचं माप आणि लिफ्टच्या दाराचं माप कागदावर लिहून न्या. घरी वर्तमानपत्रं पसरून सोफ्याची जागा आखा, तीही उघडलेल्या मापाची. रिक्लायनर (पाठ मागे रेलणारा आणि पाय वर घेणारा सोफा) पूर्ण पसरला की पाठ भिंतीला लागते. काहींना मागे चार-पाच इंच पुरतात, काहींना फूटभर लागतं.

बसायच्या जागेची एकच खोली, एकच उंची

आईला आमच्या पहिल्या सोफ्यावर बसवलं तेव्हा ती म्हणाली, "बसेन गो, पण मला उठवणार कोण?" बसायच्या जागेची खोली 27 इंच होती. पाठ टेकली तर पाय जमिनीला लागत नव्हते, पाय टेकले तर पाठ अधांतरी. ताठ बसणाऱ्याला 21 ते 22 इंच खोली आणि जमिनीपासून 17 ते 18 इंच उंची बरी पडते. लोळणाऱ्याला 26 इंच किंवा जास्तच हवेत. दोघांचा मधला आकडा काढला तर दोघंही नाराज होतात. खोल सोफा घ्या आणि पाठीशी चार-पाच इंच जाडीचा घट्ट लोड ठेवा. आई बसली की लोड मागे, भाचा आडवा झाला की तोच डोक्याखाली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी एका टोकाला तरी लाकडी, कडक हात हवा. मऊ गुबगुबीत हातावर जोर देऊन उठता येत नाही.

फोम हाताने दाबून घेणे

दाबून कळतो तो कडकपणा. फोम किती टिकेल हे बरंचसं घनतेवर ठरतं, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलका फोमही रसायनाने कडक करता येतो. तो सुरुवातीला छान वाटतो आणि मग खड्डा पडतो. रोज बसायच्या जागेला 32 पेक्षा कमी घनतेचा फोम नको, 40 मिळाला तर उत्तम. हा आकडा म्हणजे एका घनमीटरचं किलोतलं वजन, त्यामुळे पडताळणं सोपं आहे. 60 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड उशीचा नुसता फोम 32 घनतेचा असेल तर साधारण 1 किलो 700 ग्रॅम भरतो, 40 चा असेल तर 2 किलो 150 च्या आसपास. बॅग तोलायचा काटा घेऊन जा. किलोभरच भरला तर बिलावर काहीही लिहिलेलं असो, तो घेऊ नका.

गोव्याचा पाऊस विसरणे

सगळ्यात जास्त सोफे इथेच वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती ओल धरतात. अशा भिंतीला चिकटवून ठेवलेल्या सोफ्याची पाठ आतून कुजते आणि पुढून काहीच दिसत नाही. भिंतीपासून चार ते सहा इंच जागा सोडा.

सांगाडा दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचा असेल तर तो ओल पिऊन फुगतो आणि स्क्रू निसटतात. बदलणाऱ्या सोफ्यात सगळा ताण स्क्रूंवर असतो, त्यामुळे तो आधी मोडतो. सागवान किंवा नीट वाळवून औषध लावलेलं इतर टिकाऊ लाकूड घ्या. प्लायवूडच असेल तर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का असलेलं मागा. पाय पाच-सहा इंचांचे हवेत, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि वाळवीची मातीची नळी वेळेत दिसते. जमिनीला टेकलेला, खाली पेटी असलेला सोफा तळमजल्यावर मी तरी सुचवणार नाही. त्या पेटीत ठेवलेल्या चादरी श्रावणातच वास मारू लागतात.

चामड्यासारखं दिसणारं स्वस्त कापड अनेकदा पॉलियुरेथेनच्या पातळ थराचं असतं. दमट उष्ण हवेत तो थर रासायनिकरीत्या तुटतो आणि कोंड्यासारखा सुटत जातो. दोष तुमच्या पुसण्याचा नसतो. त्यापेक्षा चेन असलेले, काढून धुता येतील असे सुती खोळ घ्या, दोन संच. पावसात गडद, उन्हाळ्यात फिका. मूड बदलायचा तो एवढ्यानेही बदलतो.

कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्याजवळ घर असेल तर खारा वारा लोखंडी यंत्रणा खातो. तिथे मोटारीचा रिक्लायनर घेण्याआधी दहादा विचार करा. घेतलाच तर बॅटरीची सोय आणि हाताने बंद करायची पद्धत आधी शिकून घ्या. पावसात वीज गेली की पाय वर असलेल्या अवस्थेत आजोबा अडकतात.

बिघडलाच तर

बुरशी आली की ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत जिरते आणि पसरते. तोंडाला मास्क लावा, सोफा किंवा निदान उशा बाहेर काढा, कोरड्या ब्रशने झाडा, मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं जेमतेम ओलं करून पुसा. जवळ दिवा-उदबत्ती नको आणि रंग जातो का ते आधी कोपऱ्यात बघा. नंतर पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. प्लॅस्टिकने कधीच झाकू नका, जुनी सुती साडी पुरते. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर बुरशी सहसा धरत नाही. एसीचा ड्राय मोड त्यासाठीच असतो.

बसताना एका जागी खचतंय असं वाटलं तर लगेच फोम बदलू नका. आमच्याकडे मेस्त (सुतार) आला, त्याने सोफा उलटा केला, खालचं काळं कापड सोडवलं आणि म्हणाला, "बाय, हांगा पळय." (बाई, इथे बघ.) वळणाच्या स्प्रिंगचं एक टोक क्लिपमधून सुटलं होतं, एवढंच. क्लिप बसवली, काम झालं. फोमखालच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर त्याही ताणून घेता येतात.

सोफा कम बेडची पाठ आडवी होत नसेल तर खाली दाबू नका. आधी पूर्ण वर उचला, खट् आवाज येऊ द्या, मग सोडा. तरीही अडली तर बिजागरीत वाळू किंवा गंज आहे. ब्रशने साफ करून थोडं ग्रीस लावा. करकर आवाज आला तर पावसाआधी, मे महिन्यातच सगळे स्क्रू आवळा. गुळगुळीत लाद्यांवर सुटे भाग पांगत असतील तर पायांना रबर लावा आणि खालचे जोडक्लिप खरंच अडकलेत का ते बघा, बहुतेक घरांत ते पिशवीतच राहिलेले असतात.

रिक्लायनर मिटत नसेल तर मात्र जोर लावणं लगेच थांबवा. खाली वाकून, टॉर्च लावून बघा. रिमोट, खेळणं, कधी मांजर. लहान मूल घरात असेल तर मिटवण्याआधी हे दर वेळी करा.