कंगवा धुवायचा कधी, बदलायचा कधी

जळगावात माझं लेडीज पार्लर आहे. कोणता शाम्पू, कोणतं तेल, हे बायका मला नेहमी विचारतात. मी त्यांना पर्समधला कंगवा काढायला लावते आणि खिडकीच्या उजेडात धरते. दातांच्या बुडाशी करडा, चिकट थर दिसतोच. डोक्यातला तेलकटपणा, मेलेली कातडी, धूळ आणि वरून लावलेलं खोबरेल मिळून तो बसतो. नुकत्याच धुतलेल्या केसांतून हाच कंगवा फिरवला, की गेलेला मळ परत केसांत.

महिन्यातून एकदा ब्रश धुवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. केसांना तेल न लावणाऱ्यालाही तो जरा लांबच पडतो. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा चंपी होते; तिथे महिना फार झाला. माझा नियम साधा आहे: ज्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, त्या दिवशी कंगवाही धुवायचा, आणि तोही आधी. कोरड्या केसांचा गुंता काढा, कंगवा भिजत घाला, मग न्हायला बसा. केस वाळेपर्यंत कंगवाही वाळलेला असतो. तेल लावत नसाल तर पंधरा दिवसांनी चालेल. जेल किंवा स्प्रे वापरणाऱ्यांनी दर आठवड्याला धुवावा.

गुंतवळ मात्र रोज काढायची. दिवसाला 50 ते 100 केस गळणं सामान्य आहे, म्हणून रोजची गुंतवळ बघून घाबरू नका. ती साचू दिली तर तिच्यात धूळ अडकते आणि धुताना दुप्पट मेहनत पडते. आमच्या खान्देशात ‘केसांवर फुगे’ ओरडत फेरीवाले येतात, त्यांच्यासाठी बायका गुंतवळ पिशवीत जमवतात. जमवा, पण पिशवीत, ब्रशवर नको.

प्लास्टिकचा कंगवा धुणं सोपं. मगभर कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने दाताच्या बुडाकडून टोकाकडे घासा. खोबरेलाचा जुना थर शाम्पूला दाद देत नाही, तिथे भांड्यांचं लिक्विड वापरा. अंगाचा साबण नको. बोअरच्या जड पाण्यात त्याचा पांढरा साका दातांवर बसतो.

गादीचा ब्रश पाण्यात पूर्ण बुडवू नका. रबरी गादीला बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं, मग कुबट वास येतो आणि बुरशीही धरते. टेल कोंबच्या, म्हणजे टोकदार दांडीच्या कंगव्याच्या, शेपटीने केस उचलून कात्रीने कापून काढा, फक्त काटे फेसात बुडवून घासा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि काटे खाली करून टॉवेलवर रात्रभर ठेवा. लाकडी कंगवा तर भिजवूच नका; लाकूड फुगतं आणि दात चिरतात. ओल्या फडक्याने पुसा, वाळला की दोन थेंब खोबरेल चोळून जास्तीचं टिपून घ्या.

शाळकरी मुलीच्या डोक्यात उवा झाल्या की आया फणी फेकायला निघतात. त्याची गरज नाही. निदान 54 अंश गरम पाण्यात फणी-कंगवे पाच ते दहा मिनिटं ठेवले की उवा-लिखा मरतात. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं पातेल्यात घ्या, फणी टाका, वर झाकण ठेवा. यात लाकडी फणी मात्र घालू नका. ती दोन दिवस बाजूला ठेवली तरी चालतं, कारण डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही.

डोक्यातल्या गजकर्णाची गोष्ट वेगळी आहे. ते कंगव्यातून घरभर पसरतं. डॉक्टरांकडे जा, त्या माणसाचा कंगवा वेगळा ठेवा आणि उपचार संपले की तो टाकून द्या. कोंडा असा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण त्याचे पापुद्रे ब्रशमध्ये राहतात, म्हणून कोंड्याच्या दिवसांत धुणं वाढवा.

आता बदलण्याचं. मी कॅलेंडर बघत नाही, दात बघते. जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून कंगवा हलकेच ओढा. धागा अडकला, तर केसही असेच अडकून तुटतात. ब्रशच्या काट्यांच्या टोकांवरचे गोल मणी गळले, काटे वाकले, गादी फाटली किंवा धुऊनही वास जाईना, तर तो गेला असं समजा. रोजच्या वापरातला साधा प्लास्टिकचा ब्रश साधारण वर्षभरात या अवस्थेला येतो. चांगला कंगवा नीट ठेवला तर कित्येक वर्षं जातो. स्वस्तातल्या कंगव्याला मात्र साच्याची धारदार रेघ नवा असतानाच असते. विकत घेण्याआधी दातांच्या मधून नख फिरवा. खरखर लागली तर परत ठेवा.

पार्लरमध्ये गेलात तर तुमच्यासाठी घेतलेला कंगवा धुतलेला आहे का, हे बिनदिक्कत विचारा. आधी केस काढून तो धुवायला हवा, मगच जंतुनाशकात, बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका. तेलकट कंगवा नुसता औषधात बुडवून उपयोग नाही. मळाखाली औषध पोचत नाही. विचारलं म्हणून कोणी रागावलं, तर खुशाल उठून दुसरं पार्लर गाठा.