गाळप तोंडावर, सॉफ्टवेअर अर्धवट: माणसं वाढवण्याआधी काय करायचं

साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांना तारीख पुढं ढकलता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झालं की काट्यावर गाड्यांची रांग लागते. त्या दिवशी ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम (कुणाचा ऊस कधी तोडायचा ते) आणि वजनकाटा चालायलाच लागतो. ऊसदराच्या आंदोलनानं हंगाम कधीकधी लांबतो, पण त्या भरवशावर वेळापत्रक आखणं हा शुद्ध जुगार. ऑगस्टअखेर काम मागं पडल्याचं उघड होतं आणि बैठकीत ठरलेलं वाक्य येतं: "आणखी तीन-चार पोरं लावा की, पैशाचं आम्ही बघतो."

हेतू चांगला असतो, पण उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरला माणसं जोडली की ते आणखी रेंगाळतं. आपण हे फारच ढोबळ मांडतोय, असंही त्यांनी तिथंच म्हटलंय. म्हणून त्यांचं वाक्य बैठकीत फेकून उपयोग नाही. आपल्या प्रोजेक्टचे आकडे कागदावर मांडा.

आधी हा हिशेब करा

समजा टीम पाच जणांची आहे, उरलेलं काम ६० माणूस-आठवड्यांचं आहे (एका माणसाचं एका आठवड्याचं काम म्हणजे एक माणूस-आठवडा) आणि हातात आठ आठवडे आहेत. भागाकार सांगतो साडेसात माणसं, म्हणजे आणखी तीन घ्या. आता हे तिघं उद्याच हजर झाले असं धरू. प्रत्यक्षात अनुभवी माणसाचा नोटीस पिरियडच दोन-तीन महिन्यांचा असतो, म्हणजे तो येईल तेव्हा धुराडं पेटलेलं असेल.

पहिले तीन आठवडे हे तिघं शिकतील, त्यांच्याकडून मोजण्यासारखं काम निघणार नाही. शिकवायला जुन्यांपैकी दोघांचा निम्मा वेळ जाईल, म्हणजे तीन माणूस-आठवडे गेले. पुढचे पाच आठवडे तिघं निम्म्या वेगानं चालले तर साडेसात मिळाले. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, आठ जणांत २८. त्यापायी प्रत्येकाचे आठवड्याला तीन तास जास्त गेले, तर आठ जणांचे २४ तास, म्हणजे आठ आठवड्यांत जवळपास पाच माणूस-आठवडे. आता बेरीज: ४० वजा ३, अधिक साडेसात, वजा ५. उत्तर येतं साडेएकोणचाळीस. माणसं न वाढवता ४० होणार होते! तीन पगार देऊन आपण होतो तिथंच राहिलो, आणि कामाची नव्यानं वाटणी करण्यात गेलेला वेळ तर यात धरलेलाच नाही.

हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे घाला. हातात सहा महिने असतील तर हाच हिशेब माणसं घेण्याच्या बाजूनं झुकेल. म्हणून भरती करायची तर फेब्रुवारीत, ऑगस्टमध्ये नाही.

शिवाय काही कामं वाटलीच जात नाहीत. साच्यातलं ओतकाम थंड व्हायला लागणारा वेळ भोवती दहा माणसं उभी केल्यानं कमी होत नाही, हे आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या कुठल्याही फौंड्रीवाल्याला माहीत असतं. बिलाचा हिशेब ठरल्याशिवाय कपातीचं कोडिंग होत नाही, आणि कपाती बसल्याशिवाय बँकेची फाईल निघत नाही. तिथं चौघं बसवले तर तिघं वाट बघत बसतात.

नव्या माणसाला काय शिकवावं लागतं

मालक लोकांचा समज असा, की कोडिंग येणारा पोरगा आला की लगेच लागला कामाला. भाषा त्याला येतेच. त्याला येत नसतो तो ऊस.

काट्याचंच घ्या. इंडिकेटर, म्हणजे काट्याचं वजन दाखवणारं यंत्र, सीरियल पोर्टवरून संगणकाला वजनाचे आकडे एकसारखे पाठवत असतो. ट्रॅक्टर काट्यावर थांबल्यावरही काही क्षण ते हलत राहतात, त्यामुळे आलेला पहिला आकडा उचलला तर वजन चुकतं. ठरावीक वेळ तोच आकडा आला तरच तो घ्यायचा. भरलेली गाडी रात्री पावणेबाराला वजन होते, रिकामी होऊन परत काट्यावर यायला दीड वाजतो. निव्वळ वजन कुठल्या तारखेला धरायचं? कारखान्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, पाळीबरोबर बदलतो, आणि पंधरवड्याच्या शेवटच्या रात्री ही एक नोंद शेतकऱ्याचं बिल या पंधरवड्यातून त्या पंधरवड्यात टाकते. दोन ट्रॉल्यांत दोन शेतकऱ्यांचा ऊस असेल तर वजन वेगळं करावं लागतं. मागच्या खेपेचं रिकामं वजन पुन्हा वापरायला कारखाना परवानगी देतो का, हेही विचारावं लागतं.

यातलं फारसं काही कुठं लिहिलेलं नसतं. ते दोन जुन्या डेव्हलपरच्या आणि काटा क्लार्कच्या डोक्यात असतं. माणसं वाढवली की नेमके तेच दोघं शिकवायला बसतात आणि प्रोजेक्टचा कणाच थांबतो. कोल्हापुरात आणखी एक अडचण आहे. तीन-चार वर्षांचा अनुभव झाला की पोरं पुणं गाठतात. घाईच्या भरतीत हाताला लागतात ते नुकते पास झालेले, म्हणजे शिकवणं दुप्पट.

उरलेलं काम खरंच किती आहे

दोन दिवस नवं कोडिंग बंद ठेवा आणि यादी करा. प्रत्येक कामापुढं चारच शेरे: सुरू नाही, कोड झालं, आपण तपासलं, वापरणाऱ्यानं खऱ्या डेटावर चालवलं. फक्त चौथा शेरा म्हणजे पूर्ण. बाकी सगळं शून्य धरा. "नव्वद टक्के झालंय" हे उत्तर घ्यायचंच नाही, कारण ते महिनाभर नव्वदच राहतं. पहिल्यांदा ही यादी बघून पोटात गोळा येतो. येऊ द्या.

मग मागच्या चार आठवड्यांत चौथ्या शेऱ्यापर्यंत किती कामं गेली ते मोजा. आठवड्याला तीन जात असतील तर पुढंही तीनच जाणार. रविवारी बोलावून, रात्रीच्या जेवणाचं बिल भरून हा वेग पंधरा दिवस वाढतो. मग चुका वाढतात आणि पुढचे पंधरा दिवस त्या निस्तरण्यात जातात.

कापायचं काय

खरी सुटका इथं आहे. पहिल्या दिवशी लागतात त्या गोष्टी मोजक्या: ऊस नोंदीचा डेटा, तोडणी चिठ्ठी, भरलेलं आणि रिकामं वजन, वजनाची पावती, दिवसाच्या टनेजचा रिपोर्ट. एवढं पक्कं करा.

ऊसबिल पहिल्या दिवशी लागत नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते. म्हणजे बिलाला थोडी उसंत आहे, पण थोडीच. सेवा सोसायटीची वसुली आणि बँकेची फाईल बिलासोबत हवी. तोडणी-वाहतुकीचं बिल त्या कंत्राटदारांच्या करारात जे ठरलं असेल त्याप्रमाणे. शेतकऱ्यांचं मोबाइल अॅप, संचालकांसाठीचे रंगीत आलेख, जुन्या दहा हंगामांचा डेटा हे सगळं संक्रांतीनंतर.

ही यादी कार्यकारी संचालक आणि शेती अधिकारी यांच्यासमोर एकाच बैठकीत ठेवा आणि सही घ्या. तोंडी "बघू नंतर" वर उठू नका. आलेखाची मागणी पुढच्या सोमवारी परत येते. "साहेब, काटा आणि अॅप दोन्ही हवं असेल तर काट्याची खात्री देता येत नाही," एवढं सरळ बोलायला हरकत नाही. तारखेवर गाड्यांची रांग अडली तर काय होतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पैसा आलाच आहे तर

तो पगारात न घालता अडथळ्यांवर घाला. काट्यावरचा आहे त्याच मॉडेलचा इंडिकेटर विकत आणून डेव्हलपरच्या टेबलावर ठेवा, म्हणजे प्रत्येक बदलासाठी कारखान्यावर पळावं लागणार नाही. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर घ्या. आणि शेती खात्यातला एक जाणता माणूस दोन महिने पूर्णवेळ मागा. त्याच्या जागी तिकडं बदली माणूस बसवायचा खर्च उचला. हा सगळ्यात फायद्याचा सौदा, आणि तो मागायला लोक उगीच लाजतात.

माणूस घ्यायचाच तर गाभ्याला हात लावू देऊ नका. प्रिंटचे नमुने, जुन्या नोंदींची साफसफाई, गट कार्यालयात चिटबॉयना (गावोगाव ऊस नोंद आणि तोडणी चिठ्ठी बघणाऱ्यांना) प्रशिक्षण, रात्रपाळीला फोन घेणं ही कामं बाहेरचा चार दिवसांत शिकतो. एकच घ्या, दोन नको, आणि जुन्यांपैकी फक्त एकानंच त्याला उत्तरं द्यायची.

चालू करण्याआधी

मागच्या हंगामातला एक पूर्ण पंधरवडा घ्या. त्या सगळ्या खेपा नव्या सिस्टीममधून चालवा आणि बिलं जुन्याशी रुपयाला रुपया ताडून बघा. फरक बहुधा पूर्णांकात सापडतो: जुनी सिस्टीम प्रत्येक खेपेची रक्कम रुपयात बसवत असेल आणि तुमची पंधरवड्याच्या बेरजेवर बसवत असेल, तर जवळपास प्रत्येक शेतकऱ्याच्या बिलात थोडा थोडा फरक पडतो. अकाउंट्सला विचारून एकच पद्धत ठरवा. नाव आणि गट कोड जुळत नसलेल्या नोंदी इथंच वर येतात.

परतीचा दिवसही आधीच ठरवा. मोळीपूजनाच्या, म्हणजे गाळपाच्या मुहूर्ताच्या, दहा दिवस आधी काटा सलग तीन पाळ्या न अडखळता चालला नाही, तर जुन्या सिस्टीमवर हंगाम सुरू करायचा. त्यासाठी जुना संगणक काढून टाकू नका. वजन पावतीची कोरी पुस्तकं छापून ठेवा आणि त्यांना वेगळी क्रमांक मालिका द्या, म्हणजे नंतर नोंदी भरताना संगणकाच्या पावत्यांशी नंबर भिडणार नाहीत.