कार्डावर ८१२५ लिहिलंय, तरी डेबियन ओळखत नाही?

गोव्यातल्या साखळी गावी आमच्या घरी जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप आहे, तोच आमचा सर्व्हर. गावच्या जत्रेत मुलं नाटक बसवतात त्यांची चित्रीकरणं आणि बाबांच्या भजनाच्या कॅसेटींवरून उतरवलेला आवाज, सगळं त्याच्यावर. एकेका नाटकाची फाईल साठ-सत्तर जीबीची. मदरबोर्डावरच्या १ गिगाबिट नेटवर्क पोर्टाने ती चढवायला दहाएक मिनिटं जातात, म्हणून २.५ गिगाबिटचं रियलटेक ८१२५ चिपचं नेटवर्क कार्ड आणलं. सर्व्हरवर डेबियन १२ हे लिनक्स आहे, त्यात या कार्डाचा पोर्ट काही उगवेना.

पहिलं काम, मशीन बंद करून कार्ड काढा आणि सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत हे चुकवू नका.

मग जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा चालवा. माझ्याकडे ‘१०ईसी:८१२५’ हा आकडा दिसला, म्हणजे कार्ड जागेवर होतं. त्याखाली ‘कर्नल मॉड्यूल्स: आर८१६९’ होतं (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडलेला ड्रायव्हर, आणि आर८१६९ हा रियलटेक कार्डं चालवणारा), पण ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नव्हती. ड्रायव्हर हजर आहे, पण त्याने कार्ड हाती घेतलेलं नाही, असा याचा अर्थ. कारण ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत सापडतं: ‘अननोन चिप एक्सआयडी ६८८’. एक्सआयडी म्हणजे चिपच्या आवृत्तीचा आकडा.

इथेच बहुतेकांची फसगत होते. ८१२५ ला आधार कर्नल ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे, पण त्या एका नावाखाली चिपच्या अनेक आवृत्त्या विकल्या जातात. ६८८ म्हणजे ८१२५डी. तिला आर८१६९ मध्ये ६.१३ पासून जागा मिळाली, आणि डेबियन १२ चं कर्नल ६.१ आहे. म्हणून खोक्यावरचं नाव बाजूला ठेवा, एक्सआयडी बघा.

नवं कर्नल घेता येत असेल तर सरळ तेच घ्या. मला सर्व्हरवर ६.१ च ठेवायचं होतं, म्हणून रियलटेकच्या साईटवरून आर८१२५ ड्रायव्हरचा ताजा सोर्स उतरवला. मशीनला दुसरा पोर्ट नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, तेवढं इंटरनेट पुरतं.

सोर्ससोबत येणारी ‘ऑटोरन’ स्क्रिप्ट मी वापरत नाही. ती आर८१६९ काढून बाजूला ठेवते. बोर्डावरचा पोर्ट रियलटेक ८१११ चा असेल तर तोही त्याच ड्रायव्हरवर चालतो, आणि एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने काम करत असाल तर जोडणी तिथेच तुटते. याच कारणाने आर८१६९ ब्लॅकलिस्टही (चढायला मनाई) करू नका. तो ८१२५डी नाकारतो, मग आर८१२५ ती घेतो. दोघं सुखाने नांदतात.

त्यापेक्षा प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बनवून देणारं डीकेएमएस बरं. ‘बिल्ड-इसेन्शियल’, ‘डीकेएमएस’ आणि ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ (हेडर्स म्हणजे ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाईली) ही पॅकेजेस घाला. सोर्स ‘यूएसआर’मधल्या ‘एसआरसी’ फोल्डरात नाव-आवृत्ती अशा नावाने ठेवा आणि आत डीकेएमएसची कॉन्फ फाईल लिहा: पॅकेजचं नाव, आवृत्ती, मॉड्यूलचं नाव, ते बनतं ती जागा आणि ‘ऑटोइन्स्टॉल’ला ‘येस’. मग ‘अ‍ॅड’, ‘बिल्ड’, ‘इन्स्टॉल’ क्रमाने चालवा आणि ‘मॉडप्रोब’ने आर८१२५ चढवा. ‘की वॉज रिजेक्टेड’ आलं तर सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय, आड येतंय. ‘मोकयूटिल’ने आपली किल्ली नोंदवा किंवा बायोसमध्ये ते बंद करा.

‘ईथटूल’ने वेग बघा, ‘२५०० एमबी’ दिसायला हवं. १००० दिसलं तर राऊटर किंवा स्विचचा पोर्ट तपासा. केबल कॅट ५ई चालते. नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या ‘आयपर्फ३’वर मला २.३५ गिगाबिट मिळाले. तेच नाटक आता चार मिनिटांत चढतं.

हेडर्सच्या पॅकेजचं नाव मी मुद्दाम पूर्ण दिलंय. पहिल्या वेळी मी फक्त चालू कर्नलचे हेडर्स घातले होते. नंतर अपडेटमध्ये नवं कर्नल आलं, पण त्याचे हेडर्स आले नाहीत, म्हणून मॉड्यूल बनलंच नाही. गणेश चवथीच्या आदल्या रात्री पावसात वीज गेली, सर्व्हर नव्या कर्नलवर उठला आणि कार्ड गायब. घर पाहुण्यांनी भरलेलं, आजोबांच्या वेळच्या आरत्या लावा म्हणून सगळे थांबलेले, आणि मी जिन्याखाली टॉर्च धरून. ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसोबत त्याचे हेडर्स आपोआप येतात. तरीही अपडेटनंतर ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा, आणि नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं तरच रीबूट करा.