बोअरच्या स्टार्टर बॉक्समधलं पाणी
आपल्या नागपुरात बोअरचा स्टार्टर बहुतेक अंगणातल्या भिंतीलाच ठोकलेला असतो, अन् पावसाळ्यात आत पाणी दिसलं की लोक चारही बाजूनं सिलिकॉन मारून डबा पॅक करून टाकतात, तिथंच घोळ होतो. पाणी दरवेळी पावसाचंच नसतं ना. दुपारभर तापलेला डबा जूनच्या सरीत एकदम थंड झाला की आतली हवा आकसते, बाहेरची दमट हवा भोकाभोकातून आत ओढल्या जाते, अन् रात्री झाकणाला आतून थेंब धरतात. आयपी ६५ वाला, म्हणजे धूळ अन् पाण्याचा फवारा आत न घेणारा बॉक्स असला तरी हे होतंच.

केबल वरून नका घेऊ, खालून घ्या, ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी बूच) लावून, अन् ग्लँडच्या आधी केबलला खाली थोडा झोल ठेवा म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाते. तळाला ड्रेन प्लग, ब्रीदरवाला, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारा, मिळाला तर उत्तमच. जमिनीतून पाइप येत असेल तर त्याचं तोंड डक्ट सील पुट्टीनं (भिंतीची नाही, मऊच राहणारी) बुजवा, ओल तिथूनच चढते. सिलिका जेलच्या पुड्या ठीक आहेत, पण एकदा ओल पिऊन बसल्या की नुसत्या शोभेच्या. अन् व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन आत नकोच, तांब्याला हिरवं चढते. हात घालायच्या आधी मेन बंद, अन् करंट नाही ना ते मीटरनं चेक करा.