भरल्या ताटावरून कुणी कुणाला उठवायचं? चर्च आणि राजसत्तेचा जुना वाद कसा वाचावा

बेळगावात कॅम्पातल्या माझ्या घरी दर पावसाळ्यात चार रविवार सात-आठ जण जमतात. नर्सिंग शिकणाऱ्या दोन पोरी, एक बँकेतला, खानापूरहून येणारा एक शिक्षक, एम.ए.ला इतिहास घेतलेला माझा भाचा आणि शेजारचे वकील. वकील लिंगायत, चर्चमध्ये लग्नाखेरीज कधी पाऊल टाकलेलं नाही, पण प्रश्न सगळ्यात अवघड तेच विचारतात. विषय असा: सोळाव्या-सतराव्या शतकात प्रोटेस्टंटांनी पोपला तर सोडलं, मग मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार कुणी पाहायचा? बिशपनं, वडिलांच्या (म्हणजे नेमलेल्या ज्येष्ठांच्या) सभेनं, ज्या त्या मंडळीनं आपापला, की राजानं?

हायस्कुलात इतिहास शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली, तरी हा विषय मी पहिल्यांदा घरी घेतला तेव्हा साफ आपटलो. या चार उत्तरांची एपिस्कोपल, प्रेसबिटेरियन, इंडिपेंडंट, इरॅस्टियन अशी चार नावं त्याच क्रमानं फळ्यावर लिहिली, खाली व्याख्या दिल्या. पुढच्या रविवारी एकालाही काही आठवेना. आठवलं ते एवढंच की मधल्या वेळेत कुंदा होता. त्यानंतर सुधारत सुधारत जी पद्धत बसली ती इथं लिहितो. तुमचा चर्चचा तरुण संघ असो, नाहीतर परीक्षेसाठी दोघं मिळून अभ्यास करत असा, चालेल.

नावांपासून सुरुवात करू नका, ताटापासून करा. भरल्या ताटावरून उठवणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रोटेस्टंट मंडळीत ते ताट म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. एखाद्याला 'तू यायचं नाहीस' असं सांगण्याचा हक्क कुणाचा, आणि सांगितल्यावर त्यानं दाद कुठं मागायची, एवढा एक धागा धरला की सगळा वाद त्याला गुंडाळून येतो.

पहिला रविवार पूर्ण जिनिव्हाला द्या. घाई करू नका, इथंच खरं रहस्य आहे. 1541 साली धर्मसुधारक जॉन कॅल्विननं त्या शहराच्या मंडळीची नियमावली करून घेतली. पाळक (म्हणजे पास्टर), शिक्षक, वडील आणि गरिबांची काळजी पाहणारे डीकन अशी चार पदं. पाळक आणि बारा वडील मिळून कॉन्सिस्टरी, ती दर गुरुवारी बसायची. दारू, शिवीगाळ, नवरा-बायकोची भांडणं, सगळं तिच्यापुढं. पण हे बारा वडील यायचे शहराच्याच कौन्सिलांमधून: दोन धाकट्या कौन्सिलातले, चार साठांच्या आणि सहा दोनशेंच्या. म्हणजे कॉन्सिस्टरीत नगरपालिका निम्म्याहून जास्त बसलेली! आणि नियमावलीच्या शेवटी एक पुस्ती: यामुळे सरकारच्या अधिकाराला बाध येणार नाही. ही पुस्ती मोठ्यानं वाचून घ्या. पुढची चौदा वर्षं दोन्ही बाजू तिचेच दोन अर्थ लावत बसल्या.

1553 साली ती गाठ आवळली. फिलिबेर बेर्तलिए नावाच्या बड्या घरच्या माणसाला कॉन्सिस्टरीनं प्रभुभोजनापासून दूर ठेवलं होतं. तो कौन्सिलकडे गेला आणि कौन्सिलनं त्याला परवानगी देऊन टाकली. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कॅल्विननं व्यासपीठावरूनच सांगितलं की जीव गेला तरी मी हे पवित्र अन्न अशा हातात देणार नाही. बेर्तलिए आलाच नाही. कौन्सिलनं आतून त्याला 'तूर्त जाऊ नकोस' असं सुचवलं होतं. त्याच दिवसांत त्याच शहराच्या तुरुंगात त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणारा मिगेल सर्व्हेटस होता. त्याला 27 ऑक्टोबरला जाळलं, आणि ती शिक्षा फर्मावली कौन्सिलनं. जाळायचं सरकारनं, ताटावरून उठवायचं मंडळीनं, अशी ती वाटणी. कॅल्विनच्या विरोधातला गट 1555 मध्ये कोसळला तेव्हा कुठं बहिष्काराचा हक्क कॉन्सिस्टरीच्या हातात पक्का झाला.

ही गोष्ट सांगून झाली आणि वकिलांनी चष्मा पुसत विचारलं, "सर, मग ह्याचं अपील कुठं चालतं?" त्या प्रश्नानं माझी पद्धत पूर्ण झाली. दुसऱ्या रविवारी मागच्या वर्षाच्या कॅलेंडरचं एक मोठं पान उलटं करून भिंतीला लावा आणि तीन रकाने आखा: निवड, बंदी, अपील. पाळक कोण निवडतो, ताटावरून कोण उठवतो, आणि उठवलेल्यानं कुणाचं दार ठोठवायचं. पगाराचा रकाना वाढवायची हौस सगळ्यांना येते. पहिल्या फेरीला नको, त्यात दोन तास जातात.

मग एकेक ओळ भरा. झुरिक पटकन होतं: तिथं तिथल्या सुधारक झ्विंगलीच्या काळापासून शिस्तीचं काम शहराच्या कौन्सिलकडे, मंडळीचं वेगळं न्यायालय नाहीच. इंग्लंडच्या ओळीत 'राजा' एवढंच लिहून पुढं जाऊ नका. 1534 मध्ये आठव्या हेन्रीनं स्वतःला चर्चचा 'मस्तक' म्हणवून घेतलं, 1559 मध्ये एलिझाबेथनं तोच शब्द बदलून 'सर्वोच्च शासक' केला. एवढ्या एका शब्दाच्या फरकावर अर्धा तास सहज निघतो. तिथं पाळकाला बिशप दीक्षा देणार, आणि ताटावरून उठवणार बिशपचं कोर्ट, जिथं पुष्कळदा वकीलच न्यायाधीश असे आणि हजर राहिला नाही म्हणूनसुद्धा बहिष्काराचा हुकूम निघे. हे ऐकून आमचे वकील खूश. अशा कोर्टांविरुद्ध प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडचं चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्यांनी, 1572 मध्ये पार्लमेंटला उद्देशून जळजळीत पत्रक काढलं, आणि तिथून प्युरिटन थॉमस कार्टराइट आणि बिशपांच्या बाजूचा जॉन व्हिटगिफ्ट यांची लेखणीची लढाई पेटली.

स्कॉटलंडची ओळ एका प्रसंगानं भरा. 1596, फॉकलंडचा राजवाडा. प्रेसबिटेरियनांचा पुढारी अँड्र्यू मेलव्हिल राजा सहाव्या जेम्सची बाही धरून त्याला सांगतो की स्कॉटलंडात दोन राजे आणि दोन राज्यं आहेत. ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स राजा नाही, एक साधा सभासद आहे. आठ वर्षांनी, 1604 मध्ये, हाच जेम्स इंग्लंडचा राजा म्हणून हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत बोलला: बिशप नाही तर राजाही नाही. बाही ओढल्याचा राग मुरला होता, असं माझं मत.

आता जर्मनीतल्या हाइडेलबर्गचा इरॅस्टस. इथं सांभाळा, कारण मी स्वतः इथं वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं. 'इरॅस्टियन म्हणजे राजा धर्माचा मालक' अशी ओळ माझ्या वहीत होती, आणि एका वर्षी तर मी त्याला इरॅस्मसच करून टाकलं. (ते गृहस्थ वेगळे, रॉटरडॅमचे, त्याच्या आधीच्या पिढीतले.) थॉमस इरॅस्टस वैद्य होता, विद्यापीठात वैद्यकी शिकवायचा. 1568 मध्ये एका इंग्रजानं तिथं असा सिद्धान्त मांडला की पाळकांना वडिलांसह कुणालाही, अगदी राजालाही, बहिष्कृत करायचा हक्क आहे. इरॅस्टसनं त्याविरुद्ध आपली विधानं लिहून काढली. छाटून छाटून ती 75 झाली. त्याचं म्हणणं मोजकं होतं. वागणूक वाईट म्हणून कुणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवल्याचं पवित्र शास्त्रात कुठं दिसत नाही. जिथं सरकारच ख्रिस्ती आहे तिथं वाईट वागणाऱ्याला शिक्षा करायला तेच पुरे. एकाच गावाला दोन कोतवाल कशाला? पुस्तक छापलं गेलं ते त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, 1589 मध्ये, लंडनला. जिनिव्हात कॅल्विनच्या जागी आलेल्या थिओडोर बेझाचं उत्तर लगेच पुढच्या वर्षी आलं.

इथं कुणीतरी मुजराई खात्याचं, म्हणजे देवळांचा कारभार पाहणाऱ्या कर्नाटक सरकारच्या खात्याचं, नाव काढतंच. सौंदत्तीच्या यल्लम्माचं देवस्थान मुजराईत येतं, म्हणजे हे तेच की! थोडं चालू द्या, मग थांबवा. इरॅस्टसचा अधिकारी त्याच मंडळीत बसून तीच भाकर खाणारा आहे; सरकार आणि मंडळी म्हणजे तीच माणसं, दोन टोप्या घातलेली. आपलं सरकार तसं नाही. त्यापेक्षा वकिलांनी आणलेलं उदाहरण जास्त जवळचं आहे. बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हा, 1949 साली, धार्मिक बहिष्काराला बंदी घालणारा कायदा त्या राज्यानं केला होता. म्हणजे सरकारनं सांगितलं, कुणी कुणाला जमातीतून काढायचं नाही. 1956 मध्ये बेळगाव तिकडून सुटलं, आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या खटल्यात तो कायदा घटनाबाह्य ठरवला. हाइडेलबर्गचा वैद्य जिनिव्हावाल्यांपुढं हरला, असं म्हणून वकील हसले.

तिसऱ्या रविवारी एकच वचन घ्या, मत्तय 18:17, आणि टेबलावर दोन बायबलं ठेवा, मराठी आणि कन्नड. सीमाभागात राहण्याचा हा फायदा, घरात दोन्ही सापडतात. भावानं अपराध केला, एकट्यात सांगून ऐकलं नाही, दोघांसमोरही ऐकलं नाही, तर मराठीत म्हणतात 'मंडळी'ला सांग, कन्नडमध्ये 'सभे'ला. एका पोरीला वाचायला लावा आणि विचारा: मंडळी म्हणजे नेमकी कोण? बँकेतला म्हणाला, "आमच्याकडं आजोबा आजीलाच मंडळी म्हणायचे की." हसून घ्या, पण प्रश्न सोडू नका. रविवारी बाकावर बसणारे सगळे? की पाळक-वडिलांची कमिटी? सभा म्हटलं की बैठक डोळ्यापुढं येते, मंडळी म्हटलं की माणसं.

भाषांतरकारही यावरून भांडले. विल्यम टिंडेलनं 1526 मध्ये 'काँग्रिगेशन' लिहिलं. जेम्सनं भाषांतरकारांना नियम घालून दिले त्यात जुना 'चर्च' हाच शब्द ठेवायची सक्ती होती. आणि 1643 मध्ये, राजा-पार्लमेंट यादवी चालू असताना, वेस्टमिन्स्टरला पार्लमेंटनं नेमलेले विद्वान जमले तेव्हा याच वचनावर रणं झाली. जॉन सेल्डन हा कायदेपंडित म्हणाला, इथं यहुद्यांचं नेहमीचं न्यायालय अभिप्रेत आहे, वेगळ्या धर्मकोर्टाचा संबंध नाही. तरुण स्कॉट पाळक जॉर्ज गिलेस्पी उठला आणि वडिलांची सभाच कशी अभिप्रेत आहे ते मांडू लागला. पाच इंडिपेंडंट विद्वान म्हणत होते, ज्या त्या मंडळीचा हक्क तिच्यापाशी. तुमच्या गटात तीन बाजू वाटून द्या आणि दहा-दहा मिनिटं भांडू द्या. सेल्डन नेहमी वकिलांना द्या.

मग अपीलाच्या रकान्याकडे या. पार्लमेंटनं प्रेसबिटेरियन रचना मान्य केली, पण ताटावरून उठवलेल्याचं शेवटचं अपील पार्लमेंटकडे ठेवलं. सभेला आलेले स्कॉट प्रतिनिधी चिडले, त्यांच्यातल्या रॉबर्ट बेलीनं या रचनेला लंगडी इरॅस्टियन प्रेसबिटरी म्हटलं. 1646 च्या एप्रिलात पार्लमेंटनं विद्वानांना नऊ प्रश्न पाठवले: तुमचा हक्क देवदत्त आहे म्हणता, मग तो शास्त्रात कुठं ते दाखवा. वकिलांच्या पहिल्या रविवारच्या प्रश्नावर दोन राज्यं कशी अडून बसली ते पोरांना इथं दिसतं.

चौथ्या रविवारी ताटच वेगळं मांडणारे घ्या. इंग्लंडच्या चर्चमधून फुटलेल्या रॉबर्ट ब्राउननं 1582 मध्ये लिहिलं की सुधारणेसाठी सरकारची वाट पाहायचीच नाही. (पुढं तो स्वतःच परत इंग्लंडच्या चर्चमध्ये पाळक झाला, हे सांगितलं की खोली हमखास हसते.) आणि एक गैरसमज काढा: मंडळी स्वतंत्र म्हणजे माणूस स्वतंत्र, असं समजू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये मंडळ्या स्वतंत्र होत्या, पण 1631 पासून मताचा हक्क फक्त चर्चच्या सभासदांना. रॉजर विल्यम्सला 1635 मध्ये हद्दपारीची शिक्षा तिथंच झाली. सरकारनं धर्माच्या बाबतीत कुणालाच हात लावू नये, असं त्यानं 1644 मध्ये लंडनला छापलं, आणि ते पुस्तक पार्लमेंटच्या हुकमानं जाळलं गेलं. त्याच्या ओळीत अपीलाचा रकाना भरताना गट अडतो. सरकारकडे दाद नाही, मंडळीतून निघून दुसरी धरायची मुभा आहे. मग ते अपील झालं का? वाद तिथंच राहू द्या.

आपल्या गावाची ओळ सगळ्यात शेवटी, पेन्सिलीनं. आमच्याकडे 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटी आली. त्या सोसायटीनं 1796 मध्येच ठरवून टाकलं होतं की आम्ही बिशप, प्रेसबिटरी किंवा स्वतंत्र मंडळी यातलं काहीच पाठवणार नाही; जे विश्वास धरतील त्यांनी शास्त्र वाचून कारभार आपला आपण ठरवावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं आणि त्यांच्याबरोबर बिशप आले. निपाणी ओलांडून कोल्हापूरला गेलात तर तिथं अमेरिकन प्रेसबिटेरियनांचं मिशन होतं, धारवाडला स्वित्झर्लंडच्या बासलचं. दोन-अडीच तासांच्या अंतरात तीन निरनिराळ्या ओळी.

पेन्सिल यासाठी की आपल्या ओळीवर आवाज चढतो. कुणाचा काका कमिटीत असतो, कुणाच्या लग्नाला कधीतरी पाळकानं नकार दिलेला असतो. माणसांची नावं घ्यायची नाहीत, तीन रकान्यांपुरतंच बोलायचं, एवढा नियम आधी सांगून ठेवा. गेल्या पावसाळ्यात आमची 'निवड' भरली, 'बंदी' खोडून दोनदा लिहिली, आणि 'अपील'वर नर्सिंगच्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी एकीनं खोडरबर उचलला आणि म्हणाली, "सर, हे आधी पास्टरांना विचारून येतो."