चार ईमेल खाती, एक खिडकी: संगणकासाठी मेल प्रोग्रॅम कसा निवडावा

माझे चार ईमेल पत्ते आहेत. घरचं जीमेल, छापखान्याच्या डोमेनवरचा एक, सोसायटीच्या सेक्रेटरीचा एक आणि एक जुनं याहू, ज्यावर विम्याच्या पावत्या येतात. कित्येक वर्षं मी ब्राउझरमध्ये चार टॅब उघडून कारभार चालवत होतो. मग एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस, थकबाकीच्या यादीसकट, छापखान्याच्या पत्त्यावरून गेली. सभासदांची उत्तरंही तिकडेच आली. तो पत्ता छापखान्यात आम्ही तिघं उघडतो. कुणाचे किती पैसे थकलेत हे बाहेरच्यांनी वाचलं आणि मला घरोघरी जाऊन माफी मागावी लागली.

तेव्हापासून कुठलाही मेल प्रोग्रॅम, म्हणजे सगळ्या खात्यांचे मेल एकाच खिडकीत दाखवणारं सॉफ्टवेअर, बघताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा मेल कुठल्या पत्त्यावरून चाललाय, हे पाठवण्याआधी मला ठळक दिसतं का? दिसायला सुंदर, वापरायला सोपा वगैरे सगळं त्यानंतर.

आधी कागद घ्या

प्रोग्रॅम उतरवून घेण्याआधी सगळे पत्ते कागदावर लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा: सेवा कोणाची, जागा किती भरली आहे आणि तो पत्ता आणखी कोण वापरतं. जीमेलची फुकट जागा १५ जीबी असते आणि ड्राइव्ह व फोटोही त्याच जागेत बसतात, म्हणून आकडा नीट बघा. सेवा बाहेरच्या प्रोग्रॅमला आयमॅप या पद्धतीने (ती पुढे सांगतो) जोडू देते का, तेही तिच्या मदतपानावर पाहून ठेवा. ते नसेल तर पुढची मेहनत वाया जाते.

आयमॅप की पॉप

खातं जोडताना हे दोन पर्याय समोर येतात. पॉप म्हणजे पोस्टात जाऊन पत्र घरी घेऊन येणं. आयमॅप म्हणजे पत्र पोस्टातच राहतं आणि तुम्ही फोनवरून, लॅपटॉपवरून तेच पत्र बघता. पॉप वापरताना ‘सर्व्हरवर (म्हणजे सेवेच्या संगणकावर) प्रत ठेवा’ ही खूण राहिली नाही, तर मेल संगणकावर उतरतात आणि फोनवरून नाहीसे होतात. मग घरात शोधाशोध सुरू होते. दोन उपकरणं असली की आयमॅपच घ्या, यात मला शंका नाही.

पण आयमॅपची दुसरी बाजू ध्यानात ठेवा. इथे पुसलं की सगळीकडून पुसलं. पाच उपकरणांवर मेल दिसतोय म्हणजे पाच प्रती आहेत, असं समजू नका.

लॉगिनची पद्धत तपासा

जुन्या लॅपटॉपवर जुना प्रोग्रॅम असतो, पासवर्ड बरोबर असतो, तरी तो चुकीचा आहे म्हणून संदेश येत राहतो. माणूस चार वेळा पासवर्ड बदलतो. दोष बहुतेक वेळा पासवर्डचा नसतो. साधं नाव-पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमने आत शिरणं गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ ला थांबवायला घेतलं आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक डॉट कॉम खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ ला. आता ओऑथ नावाची पद्धत लागते: गूगलचीच खिडकी उघडते, तुम्ही तिथे परवानगी देता आणि प्रोग्रॅमला पासवर्ड कळतच नाही. ज्या प्रोग्रॅमला हे जमत नाही तो यादीतून काढा. जीमेलमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर १६ अक्षरांचा ‘अ‍ॅप पासवर्ड’ घेऊन वेळ निभावता येते, पण नवा प्रोग्रॅम निवडताना त्याच्या भरवशावर राहू नका.

कोणाला कोणता

थंडरबर्ड हा फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या घरातला. पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. फुकट, मुक्तस्रोत, लोकांच्या देणग्यांवर चालतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर बसतो. खात्यांच्या संख्येला मर्यादा नाही. तीन किंवा जास्त खाती असलेल्या घरगुती माणसाला आणि छोट्या व्यावसायिकाला मी हाच सुचवतो.

आउटलुकच्या नावाने हल्ली दोन वेगळ्या वस्तू मिळतात, इथे फार गोंधळ होतो. एक ऑफिससोबत येणारं जुन्या घडणीचं, दुसरं विंडोजबरोबर फुकट मिळणारं नवं. नव्यात जीमेल किंवा दुसरं आयमॅप खातं जोडलं की तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही उतरतात. जोडताना तशी सूचना येते. ती वाचून मगच पुढे जा. अशिलांची किंवा रुग्णांची कागदपत्रं मेलवर येत असतील तर हा प्रश्न किरकोळ नाही. मात्र ऑफिसचं खातं एक्स्चेंजवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कचेऱ्यांसाठीच्या मेलसेवेवर, असेल आणि मीटिंगा, कॅलेंडर सगळं त्यातच असेल, तर आउटलुकच सोयीचं.

ईएम क्लायंट देखणा आहे, पण फुकट परवाना घरगुती वापरापुरता आणि दोन खात्यांपुरता. मॅकवर अ‍ॅपलचा मेल आधीच असतो. तो आधी वापरून बघा.

प्रोग्रॅम जिवंत आहे ना, हेही पाहा. पोस्टबॉक्स हा अनेक खातेवाल्यांचा आवडता होता. २०२४ मध्ये तो बंद झाला. शेवटची आवृत्ती कधी आली, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

दोनच खाती जोडून आठवडाभर वापरा

सगळी खाती एका दिवशी जोडू नका. सर्वांत जास्त वापराचं एक आणि सर्वांत जोखमीचं एक, अशी दोन घ्या. थंडरबर्डमध्ये नाव आणि पत्ता भरला की मोठ्या सेवांचे सर्व्हर तो स्वतः शोधतो. छोट्या डोमेनसाठी त्याचे मेल सांभाळणाऱ्या होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरची नावं घ्यावी लागतात. सुरक्षित जोडणीत आयमॅपचं पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ९९३ आणि पाठवण्याचं ४६५ किंवा ५८७ असतं.

आता तपासण्या. एका खात्यावर आलेल्या मेलला उत्तर द्या आणि ‘फ्रॉम’ची, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याची, ओळ बघा. मग दोन्ही खाती एकत्र दाखवणारा इनबॉक्स उघडा, थंडरबर्डमध्ये त्याला युनिफाइड फोल्डर्स म्हणतात, आणि तिथूनच कोरा मेल लिहायला घ्या. कुठला पत्ता आपोआप आला? चूक इथेच होते, कारण उत्तर देताना प्रोग्रॅमला पत्ता माहीत असतो, कोऱ्या मेलला नसतो.

यावर माझा उपाय सहीचा आहे. प्रत्येक खात्याला वेगळी सही, म्हणजे मेलच्या शेवटी आपोआप येणारा मजकूर, लावा. माझ्या सोसायटीच्या सहीत पहिलाच शब्द ‘सेक्रेटरी’ आहे, छापखान्याच्या सहीत दुकानाच्या वेळा आहेत. ‘फ्रॉम’ बदललं की थंडरबर्ड सहीही बदलतो. मजकूर लिहिताना नजर वरच्या ओळीकडे जात नाही, पण सही खाली डोळ्यांसमोर असते. ही सवय लागल्यापासून माझा एकही मेल चुकीच्या पत्त्यावरून गेलेला नाही.

मराठीची परीक्षाही घ्या. ‘देखभाल शुल्क पावती’ असा विषय आणि देवनागरी नावाची पीडीएफ जोडून स्वतःलाच पाठवा. मग ‘पावती’ शोधा. सापडली पाहिजे, फाइलचं नावही शाबूत उघडलं पाहिजे.

साठवण आणि प्रत

जीमेलचं प्रत्येक लेबल (मेलला लावलेली चिठ्ठी) थंडरबर्डमध्ये फोल्डर म्हणून दिसतं, त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्येही येतो आणि ‘ऑल मेल’मध्येही. डिस्क लहान असेल तर ‘ऑल मेल’ फोल्डर इथे दिसणं बंद करा: खात्यावर उजवी क्लिक, सबस्क्राइब, मग ‘ऑल मेल’पुढची खूण काढा.

महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. थंडरबर्डच्या हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये प्रोफाइल फोल्डरचा, म्हणजे उतरलेले मेल आणि सेटिंग असलेल्या फोल्डरचा, पत्ता मिळतो. थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो फोल्डर जसाच्या तसा उचला. संगणकावर दुसरेही बसत असतील तर विंडोजला पासवर्ड लावा, कारण उतरलेले मेल कुणीही उघडू शकतो. थंडरबर्डचा प्रायमरी पासवर्ड साठवलेले पासवर्ड झाकतो, मेल नाही.

आठवड्यात मन बसलं की उरलेली खाती जोडा. जे प्रोग्रॅम नुसते चाखून सोडले ते उडवून थांबू नका. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्यांना दिलेली परवानगीही काढून टाका, नाहीतर ती तशीच चालू राहते.