सेन्सर फ्यूजन शिकताना आधी वेळ सांभाळा

एम्बेडेड डीएसपीत, म्हणजे छोट्या चिपवर सिग्नल प्रोसेसिंग करण्याच्या कामात, नव्याने येणारी मुलं सेन्सर फ्यूजन (अनेक सेन्सरचे आकडे एकत्र करून एक अंदाज काढणं) म्हटलं की थेट काल्मन फिल्टरच्या (गोंगाट असलेल्या मोजमापांवरून खरी स्थिती अंदाजण्याच्या गणिताच्या) मॅट्रिक्सकडे धावतात. काल्मनचा पेपर १९६० सालचा. गणित तेव्हापासून तयार आहे आणि कोडही आयता मिळतो. माझ्या अनुभवात प्रोजेक्ट अडकतो तो त्याच्या आधीच, कारण निरनिराळ्या सेन्सरकडून आलेले आकडे नेमके कोणत्या क्षणाचे आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं.

सुरुवातीला एमपीयू-६०५० हा सेन्सर घ्या. स्वस्त आहे आणि एकाच चिपमध्ये फिरण्याचा वेग मोजणारा जायरो व त्वरण मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आहेत. कोन काढण्यासाठी जायरोच्या वेगाची बेरीज (इंटिग्रेशन) करत गेलात की कोन हळूहळू सरकत जातो. अ‍ॅक्सेलरोमीटर सरकत नाही, पण मोटरच्या थरथरीने बिथरतो. म्हणून दोन्हींचं ठरावीक प्रमाणात मिश्रण करणाऱ्या कॉम्प्लिमेंटरी फिल्टरमध्ये ०.९८ भाग जायरोवरून काढलेल्या कोनाचा आणि ०.०२ भाग अ‍ॅक्सेलरोमीटरच्या कोनाचा घेतात. १०० हर्ट्झला या आकड्यांचा टाइम कॉन्स्टंट (ज्या कालावधीपर्यंत फिल्टरची भिस्त मुख्यतः जायरोवर असते तो) साधारण अर्धा सेकंद येतो. सॅम्पलिंग १००० हर्ट्झ केलंत आणि ०.९८ तसाच ठेवलात, तर तो ४९ मिलिसेकंदांवर उतरतो आणि थरथर पुन्हा कोनात दिसू लागते. ०.९८ पाठ करू नका, टाइम कॉन्स्टंट ठरवा आणि त्यावरून गुणक काढा.

आता टाइमस्टॅम्प, म्हणजे प्रत्येक आकड्यावरची वेळेची नोंद. मेन लूपला सवड मिळेल तेव्हा सेन्सर वाचून त्यावर वेळ टाकली, तर ती वाचनाची वेळ झाली, मोजमापाची नव्हे. सेन्सरची डेटा-रेडी पिन (नवा आकडा तयार झाल्याची खूण देणारी) इंटरप्टला (हातचं काम थांबवून लगेच कोड चालवणाऱ्या सोयीला) जोडा, टायमरचा आकडा तिथेच पकडा आणि सॅम्पलसोबत रिंग बफरमध्ये (भरला की पुन्हा सुरुवातीपासून लिहिल्या जाणाऱ्या साठ्यात) ठेवा. सोबत ७५ हर्ट्झचा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) असेल, तर याच वेळांच्या आधारे इंटरपोलेशन करून (मधल्या क्षणांचे आकडे अंदाजाने काढून) दोन्ही प्रवाह एका रेषेत आणता येतात.

यानंतरही एक उशीर लपून राहतो, तो फिल्टरचा. ५१ टॅपचा सिमेट्रिक एफआयआर फिल्टर (लागोपाठच्या ५१ सॅम्पलना गुणक लावून बेरीज करणारा) सिग्नल २५ सॅम्पल मागे ढकलतो. १००० हर्ट्झला ते २५ मिलिसेकंद झाले. एका प्रवाहावर हा फिल्टर आणि दुसऱ्यावर काहीच नाही, अशी रचना मी कित्येक रिव्ह्यूंमध्ये पाहिली आहे. फ्यूजनचं गणित बिनचूक असतं, पण त्याला दोन वेगळ्या क्षणांचे आकडे दिलेले असतात. एमपीयू-६०५०च्या आतल्या, वेगवान चढउतार गाळणाऱ्या लो-पास फिल्टरलाही उशीर आहे, ५ हर्ट्झच्या सेटिंगला सुमारे १९ मिलिसेकंद. डेटाशीटमधला तो तक्ता जरूर वाचा.

दोन बोर्डांवर दोन क्रिस्टल (क्लॉकचा ठोका देणारे भाग) असतील तर तफावत वाढतच जाते. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक ४८ किलोहर्ट्झच्या ऑडिओत सेकंदाला २.४ सॅम्पल होतो. अशा वेळी एकच क्लॉक दोन्हीकडे द्या. ते शक्य नसेल तर अधूनमधून सिंक पल्स पाठवून फरक मोजा आणि रिसॅम्पल करा, म्हणजे एका प्रवाहाचे आकडे दुसऱ्याच्या वेळांवर पुन्हा काढा.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. बोर्डाला बोटाने टिचकी मारायची आणि अ‍ॅक्सेलरोमीटर व माइकचे कच्चे आणि फिल्टर केलेले प्रवाह एकाच आलेखावर काढायचे. टिचकीची सुरुवात दोन्हींत जुळली पाहिजे. न जुळल्यास किती मिलिसेकंदांचा फरक आहे ते आलेखावरच मोजता येतं. ही चाचणी सुरुवातीला एकदा आणि बोर्ड दोन तास चालू ठेवून पुन्हा एकदा करा, कारण ३२ बिटांचा मायक्रोसेकंद काउंटर साधारण ७१ मिनिटांनी भरून पुन्हा शून्यावर येतो आणि तिथे टाइमस्टॅम्प चुकू शकतात.